तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रेटफुल डेड कुठून ऐकायला घ्यावे?

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते, सुरुवात कुठल्या अल्बमपासून करावी? उत्तरादाखल मी अल्बम न सांगता तारीख सांगतो, आणि पुष्कळांचा विरस होतो: ८ मे १९७७, बार्टन हॉल, कॉर्नेल विद्यापीठ.

कॅलिफोर्नियात १९६५ साली जमलेल्या या मंडळींनी त्यांचा गिटारवादक-गायक जेरी गार्सिया याच्या १९९५ मधील निधनापर्यंत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. अमेरिकेतल्या पहिल्या दहा गाण्यांत मात्र त्यांचे एकच गाणे पोहोचले, तेही १९८७ साली. ‘डार्क स्टार’ हे गाणे १९६८ साली तबकडीवर आले ते तीन मिनिटांच्या आत आटोपले होते. पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणात ते तेवीस मिनिटे चालले. तबकडीतला गवई आणि मैफलीत रंगलेला तोच गवई यांतला फरक आपल्या कानांना नवा नाही. या बँडचा ड्रमवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकला होता, हे कळल्यावर मला तरी नवल वाटले नाही.

रोजची गाणी आणि त्यांचा क्रम बदलत असल्याने श्रोते आपापली टेपयंत्रे घेऊन येत, आणि बँडने त्यांना हाकलण्याऐवजी १९८४ पासून सभागृहात त्यांच्यासाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली. अट एवढीच, की टेपची देवाणघेवाण करावी, विक्री करू नये. माझ्याकडे कॉर्नेलची आलेली कॅसेट अशीच कितव्या तरी प्रतीची प्रत होती. तिच्यावर बँडचे नाव नव्हते, निळ्या शाईत फक्त तारीख होती, आणि एक गाणे ऐन रंगात आले असताना कॅसेटची बाजू संपत असे. अधिकृत अल्बम म्हणून हा कार्यक्रम २०१७ साली निघाला, त्यामुळे तुमची त्या खटक्यातून सुटका आहे.

त्यातले ‘स्कार्लेट बेगोनियाज’ आधी लावा. ते ओसरता ओसरता, मध्ये न थांबता, ‘फायर ऑन द माउंटन’ सुरू होते, आणि सांधा नेमका कुठे पडला ते असंख्य वेळा ऐकूनही मला बोट ठेवून दाखवता येत नाही. इतर रात्री ऐकाल तेव्हा गाताना ही मंडळी अधूनमधून बेसूर होतात, एवढी मनाची तयारी असू द्या. तरीही नाहीच जमले, तर १९७० चा ‘अमेरिकन ब्यूटी’ हा त्यांचा खरोखर देखणा स्टुडिओ अल्बम आहेच.