तुम्ही विचारलंत म्हणून: बिट्टी अंगणात शू करायला किती दिवसांत शिकली

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, नवीन पिल्लू आणलेले तर मुद्दाम फोन करून विचारतात, की तुमची ही छोटी कुत्री किती दिवसांत शिकली? आणि मी "लागले सात महिने" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, अगं आमच्या ओळखीतला तर आठवड्यात शिकला. शिकला असेल, मी कुठे नाही म्हणतेय. पण सात महिने ऐकल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे येतं ना, की हिने लक्ष दिलं नसेल, त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

लक्ष दिलं होतं. झोपून उठली की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर, हे तुम्हाला माहितीये ते सगळं मी केलं. पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास ते शू धरू शकतं असं म्हणतात, पण ती ताणून ताणून शेवटची मर्यादा झाली, आणि इतक्या छोट्या कुत्र्याची लघवीची पिशवी ती केवढी, तिच्याकडून तेवढीही अपेक्षा धरता येत नाही. मी दिवसा दर दीड तासाने नेत होते, रात्री दोनदा अलार्म लावून उठत होते.

आणि तरी सात महिन्यांतले निदान चार माझ्यामुळे वाढले. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

बिट्टी चार महिन्यांची होती. संध्याकाळी मी तिला घेऊन अंगणात पंचवीस मिनिटं उभी होते, तिने सगळे कोपरे हुंगले, एका वाळक्या पानामागे पळाली, बसली, पण शू काही केली नाही. आत आलो, मी दाराची कडी लावतेय तोवर हिने सतरंजीवर बैठक मारली आणि केली. माझा दिवस आधीच वाईट गेला होता, कारण सांगत नाही, त्याने काही बदलत नाही. मी जोरात ओरडले, तिची मान धरली आणि तिचं नाक त्या ओल्यावर टेकवलं, "हे काय आहे? हे काय आहे?" असं दोनदा तीनदा. ती जमिनीला सपाट झाली, कान मागे चिकटले, पुढचा एक पाय उचलून धरलेला आणि तो थरथरत होता, आणि तिथेच तिची अजून थोडी शू झाली. मला वाटलं मुद्दाम करतेय, म्हणून मी परत ओरडले. ती भीतीने झालेली शू होती. घाबरलेल्या पिल्लाची होते तशी, त्यात तिच्या हातात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्यासमोर अंगणात शू करणं बंद केलं. पट्टा माझ्या हातात असेल तर धरून ठेवायची, माझ्याकडे बघत राहायची, आणि आत आलं की सोफ्यामागे जाऊन करायची. मी सगळ्यांना सांगत सुटले की तिला बरोब्बर कळतं, बघा कसं तोंड पाडून बसते. डॉक्टरांकडे नेलं, लघवी तपासली, इन्फेक्शन नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही कधी ओरडलात का तिला? मी नाही म्हणाले. पुढच्या वेळी गेले तेव्हा खरं सांगितलं.

मग त्यांनी समजावलं की "आत नको, बाहेर कर" हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, पोचलं ते एवढंच की ह्या बाईसमोर शू केली की काहीतरी भयंकर होतं. त्या पडलेल्या तोंडाबद्दल मी नंतर वाचलं. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, त्यात तो अपराधी चेहरा कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की तो दिसायचा, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते रागावल्यावर जास्तच तसे दिसायचे. वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

तेव्हाची मी म्हणाले असते, पूर्वी नाक घासूनच शिकवायचे की, शिकलेच ना कुत्रे? शिकले असतील, काही लपून करायलाही शिकले असतील, ते कोण मोजायला गेलंय. पण मी सगळा दोष स्वतःवर घ्यायलाही तयार नाहीये. पहिला महिनाभर आम्ही घरात शू करायचं पॅड ठेवलं होतं, म्हणजे मऊ कापडासारखं काही पायाखाली आलं की तिथे करायचं हे तिला आम्हीच शिकवलं होतं, मग सतरंजी काय वेगळी? त्या संध्याकाळी अंगणात का केलं नाही याचं उत्तर कदाचित तिथेही असेल. माझा ओरडा किती आणि पॅड किती, हा हिशोब मी कितीदा मांडला, तो लागत नाही.

नंतर काय केलं ते सांगते. लांब दोरी घेतली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहायला लागले. तिची शू टिपलेला कागद एका कोपऱ्यात ठेवला, वासासाठी. घरातले डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसले, नुसत्या फरशीच्या लिक्विडने आपल्याला वास येत नाही, तिला येतो. आणि खाऊ तिथल्या तिथे, पूर्ण झाल्यावर लगेच. आधी दिला तर ती अर्धवट सोडून धावत यायची, आत आल्यावर दिला तर तो आत आल्याचा खाऊ होतो. झाल्या झाल्या आत न्यायचं नाही हेही शिकले, नाहीतर शू केली की फिरणं संपतं हे तिला कळतं आणि ती धरून ठेवते.

एकोणिसाव्या दिवशी पाठ करून उभी असताना मागे वाळक्या पानांवर बारीक सरसर ऐकू आली. मी वळले नाही. आवाज थांबेपर्यंत श्वास धरून उभी राहिले, मग खाली बसून खाऊ पुढे केला, तर तो घेताना तिने माझा हात चाटला.

आता ती तीन वर्षांची आहे. गवत ओलं असलं की तिच्या पोटाला लागतं, पायरीवरूनच मागे फिरते, म्हणून एका कोपऱ्यातलं गवत मी अगदी बारीक कापून ठेवते. गेल्या आठवड्यात घरात दोघांचा मोठ्याने वाद झाला, दुसऱ्या दिवशी सोफ्यामागे ओलं सापडलं. मी काही न बोलता पुसलं. ती टेबलाखालून बघत होती. मी पट्टा काढला, दार उघडलं आणि तिच्याकडे न बघता बाहेर जाऊन उभी राहिले.