सासुरवाडीत राहणारा राष्ट्राध्यक्ष

कॅन्सस सिटीत आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना मी शेजारच्या इंडिपेन्डन्स गावात नेते. तिथे डेलावेअर स्ट्रीटवर एक पांढरं लाकडी घर आहे. अमेरिकेचे ३३वे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचं. खरं तर त्यांच्या सासूबाईंचं. बायकोच्या, म्हणजे बेसच्या, आजोबांनी बांधलेलं हे घर; १९१९ साली लग्न झालं आणि हॅरीराव घरजावई झाले. हे ऐकल्यावर आपल्या पाहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सासूबाई मॅज वॉलेस यांना हा शेतकरी जावई कधीच पसंत नव्हता. पुढे त्या व्हाइट हाऊसमध्ये लेक-जावयाकडेच राहिल्या आणि डिसेंबर १९५२ मध्ये तिथेच वारल्या. जावई देशाचा प्रमुख झाला तरी त्यांचं मत बदललं नाही म्हणतात! त्या गेल्यावरच या घराची मालकी ट्रुमन दांपत्याकडे आली.

सासूबाईंच्या बाजूनेही बोलायला हवं. जावयाकडे कॉलेजची पदवी नव्हती. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कॅप्टन होते, परत आल्यावर सैन्यातला मित्र एडी जेकबसनबरोबर कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं. १९२२ मध्ये मंदीत ते बुडालं. दिवाळखोरी जाहीर न करता ट्रुमन पुढची कितीतरी वर्षं देणी फेडत राहिले. मग राजकारण, तेही टॉम पेंडरगास्ट या स्थानिक बॉसच्या आशीर्वादाने. पद ‘जज्ज’चं, पण काम आपल्या जिल्हा परिषद अध्यक्षासारखं: रस्ते, इमारती, कंत्राटं. पेंडरगास्ट पुढे करचुकवेगिरीत तुरुंगात गेला. जानेवारी १९४५ मध्ये तो वारला, तेव्हा नुकतेच उपराष्ट्राध्यक्ष झालेले ट्रुमन टीकेची पर्वा न करता त्याच्या अंत्यविधीला गेले. मला हा प्रसंग त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगून जातो.

एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले आणि उपराष्ट्राध्यक्षपदाच्या अवघ्या ८२ दिवसांनंतर सगळा कारभार ट्रुमन यांच्या अंगावर पडला. अणुबॉम्बची सविस्तर माहितीसुद्धा त्यांना त्यानंतरच मिळाली. ऑगस्टमध्ये तो हिरोशिमावर पडला. घर बघताना हे सगळं विसरायला होतं. साधं स्वयंपाकघर, पुस्तकं, खुंटीला टांगलेला त्यांचा कोट आणि हॅट. म्हणून मी पाहुण्यांना गावातल्याच ट्रुमन लायब्ररीतही नेते. बॉम्बचा हिशोब तिथे मांडलेला आहे, आणि अंगणात हॅरी-बेस दोघांची समाधी आहे.

भारताशीही संबंध आहे. आपल्याकडे अमेरिकन धान्य म्हटलं की जुन्या लोकांना लाल मिलो (तिकडची ज्वारी) आठवते, पण त्याच्या कितीतरी आधी, १९५१ मध्ये, भारताला धान्य घेण्यासाठी १९ कोटी डॉलर कर्ज देणाऱ्या कायद्यावर ट्रुमन यांनीच सही केली होती.

निवृत्तीनंतर ते याच घरी परतले. तेव्हा माजी राष्ट्राध्यक्षांना पेन्शन नव्हतं. ट्रुमन यांच्या ओढाताणीच्या कहाण्या ऐकून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९५८ मध्ये वर्षाला २५,००० डॉलर मंजूर केले. गंमत पुढेच आहे. बेसची कागदपत्रं खुली झाल्यावर कायद्याच्या एका प्राध्यापकाने २०२१ मध्ये हिशोब मांडला, की हॅरीराव तेव्हा चांगलेच सधन होते! इथल्या लोकांना हे सांगून बघा, वाद हमखास.

येणार असाल तर तिकिटं गावातल्या जुन्या अग्निशमन केंद्रात मिळतात. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात, तेव्हा सकाळीच निघू.