गायरानाची मोजणी

मी सरकारी मोजणीदार, गायरानावरची, म्हणजे गावच्या चराऊ सरकारी जमिनीवरची, घरं मोजायला गेलो होतो, मराठवाड्यातलं एक गाव. २०२२ ला हायकोर्टाने स्वतःहून हा विषय घेतल्यापासून असली पत्रं येतच असतात, राज्यात तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणं सांगितली होती. पत्रात फक्त घरं होती. पण रोव्हर, म्हणजे उपग्रहावर चालणारं मोजणीचं यंत्र, हातात घेऊन नुसती घरं टिपून येणं ही काय मोजणी नाही. आधी हद्द पक्की व्हायला पाहिजे. जुनं टिपण, म्हणजे आधीच्या मोजणीची अंतरांची नोंद, काढलं, अंतरं धरून उत्तरेचा हद्दीचा दगड शोधला तर तो बांधावर नव्हताच, सोयाबीनमध्ये सहा-सात ओळी आत मातीखाली सापडला. खोदून वर काढला तेव्हा माझाच जीव हरखला. मग दुसरा, तिसरा, सगळे आतच!

म्हणजे कडेच्या बागायतदारांनी दरवर्षी नांगर थोडा थोडा पुढे नेऊन गायरान खाल्लेलं. घरं सगळी मिळून एकरभरसुद्धा नाहीत, वहिती मात्र नऊ एकराच्या वर. उरलेल्या तुकड्यात गावची शेरडं चरतात, पाझर तलावाचं पाणीही तिथूनच येतं, तो तुकडा वाचलाच पाहिजे, यात मला शंका नाही. पण नोटिसा कुणाला, तर पत्र्याच्या घरांना.

एका घरात म्हातारी चुलीपाशी बसलेली, म्हणाली, "लेकरा, तुमचा दगड चुलीत यायलाय का?" तिच्या पोराचं नाव घरकुलाच्या यादीत आहे, १ लाख २० हजार मंजूर, पण जागा नावावर नाही म्हणून हप्ता नाही. जागा घ्यायला सरकार ५०० चौरस फुटापर्यंत १ लाख देतं, पण गावात त्या भावात जागा विकायला कोण बसलंय? गावठाण कधीचं भरलंय, वाढवायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं नुसता फिरतोय आणि त्याची कुणालाच घाई नाही, हे मला फार लागतं.

साहेब म्हणाले घरांपुरताच नकाशा द्या. मी पूर्ण गट दाखवला, वहितीची पट्टी वेगळ्या रंगात, क्षेत्रासकट, आणि सही करून दिला. आता जमीन महसूल कायद्याच्या कलम ५० ची, अतिक्रमण काढायची, नोटीस त्या सोयाबीनवाल्यांनाही निघते का ते रोज विचारतोय.