त्यांच्यातले का?

चितळे असं आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बाकरवडीवाल्यांच्यातले का?" माझ्या एका मैत्रिणीने या प्रश्नाला इतक्यांदा नाही म्हटलंय की हल्ली ती नुसती मान हलवते, आणि दुपारच्या बंद दुकानावरचा विनोद यायच्या आत विषय बदलते. खरं तर तिने उलट विचारायला हवं, "कोणते चितळे?" कारण १९३९ साली भिलवडीला डेअरी काढली ती भास्कर गणेश चितळ्यांनी, आणि १९९३ चा स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला तो माधवराव चितळ्यांना. दूध आणि पाणी, दोन्ही एकाच आडनावात. तरी भेसळीचा संशय कुणी घेतलेला ऐकिवात नाही.

गाडगिळांची गर्दी मोठी. सराफी पेढी सांगलीची, थेट १८३२ ची. काकासाहेब गाडगीळ नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात. धनंजयराव अर्थतज्ज्ञ, केंद्राची मदत राज्यांत कशी वाटायची, त्याचं 'गाडगीळ सूत्र' त्यांचंच. पश्चिम घाटाचा २०११ चा अहवाल देणारे माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव. बरं, "अर्थशास्त्रातले गाडगीळ" एवढं सांगूनही भागत नाही, कारण नवकथेचे गंगाधर गाडगीळ पोटापाण्यासाठी कॉलेजात अर्थशास्त्रच शिकवायचे.

आपल्याकडे आद्याक्षरांचं एवढं प्रस्थ आहे ते मला वाटतं या गर्दीमुळेच. ध. रा. म्हटलं की योजना आयोग, न. वि. म्हटलं की काकासाहेब, पु. ना. म्हटलं की पाटल्या-बांगड्या. आडनावाला पिनकोड लावावा तसं.

पेंढारकरांपुढे मात्र पिनकोडही हात टेकतो. बाबूराव पेंढारकर कोल्हापूरचे, सिनेमातले, भालजींचे भाऊ. बापूराव पेंढारकर 'ललितकलादर्श'चे, संगीत नाटकातले. एका अक्षराची चूक झाली की पडद्यावरचा माणूस रंगमंचावर! जुन्या पिढीतली जाणकार मंडळीसुद्धा बोलताना इथे क्षणभर अडखळतात. आणि या दोघांपैकी कुणाचंही नाव न ऐकलेल्यांच्या घरी पेंढारकर रोज सकाळी बेसिनपाशी हजर असायचे, कारण 'विको' काढणारे केशव विष्णूही पेंढारकरच.

किर्लोस्करांच्या बाबतीत "त्यांच्यातले का?" हा प्रश्न अगदीच वावगा नाही. 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब आणि लोखंडी नांगर करणारे लक्ष्मणराव, दोघंही बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे.

सगळ्यात मजा दांडेकरांची. शाळेत असताना माझ्या लेखी दांडेकर म्हणजे कंपासपेटी. १९३१ साली शाईच्या धंद्यात उतरलेल्या दांडेकरांची 'कॅमलिन' सगळ्यांच्या दप्तरात असे. पुढे गो. नी. दांडेकरांनी गडकोट दाखवले. वि. म. दांडेकर आणखी उशिरा कळले. १९७१ साली नीलकंठ रथांबरोबर त्यांनी देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला होता. म्हणजे सोनं विकणारे गाडगीळ आणि शाई विकणारे दांडेकर धंद्यात, तर त्यांचे आडनावबंधू ध. रा. आणि वि. म. अर्थशास्त्रात. त्यातही हे दोघं पुण्यातल्या एकाच संस्थेचे संचालक होऊन गेले: गोखले अर्थशास्त्र संस्था.

आता कोणते गोखले म्हणाल, तर नामदार.