साठीनंतर बारा बोअरचा झटका सोसताना

बालाघाटच्या डोंगररांगेत, धारूर परिसरात आमची शेती आहे आणि वडिलांच्या बारा बोअर दुनळी बंदुकीचा पीक संरक्षणाचा परवाना आता माझ्या नावावर आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीचा शौक संपवला, हे योग्यच झाले; रानडुकरांनी उभा मका आडवा केला तरी वन विभागाची परवानगी हातात असल्याशिवाय गोळी झाडता येत नाही. मात्र परवानगी मिळाल्यावर नेम अचूकच लागावा लागतो, कारण अर्धवट जखमी झालेले जनावर तडफडते आणि राखणदारावर उलटतेही. म्हणूनच साठीनंतर उजवा खांदा आखडला, तेव्हा बार उडताना बंदूक खांद्याला मागे देते तो झटका सोसण्याचा प्रश्न मला गंभीर वाटला.

फिजिओथेरपी संपून हात वर जाईपर्यंत डॉक्टरांनी बंदूक खांद्याला लावू दिली नाही. त्यानंतर पहिला बदल काडतुसांत केला. छर्ऱ्यांचा वेग तोच ठेवून त्यांचे वजन ३६ ग्रॅमवरून २८ ग्रॅमवर आणले, तर झटक्याची ऊर्जा तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटते. सरावाला एवढी हलकी काडतुसे पुरतात. जुन्या बंदुकीचे चेंबर, म्हणजे नळीतला काडतूस बसण्याचा भाग, ६५ मिलिमीटरचे असेल, तर तिच्यात ७० मिलिमीटरचे काडतूस कधीही घालू नये, कारण दाब धोकादायकरीत्या वाढतो. बंदूक ३ किलोऐवजी साडेतीन किलोची केली, तरी ऊर्जा सातव्या हिश्शाने उतरते. पण ते ओझे थकलेल्या हातांना पेलत नाही, म्हणून तो मार्ग मी सोडला.

दस्त्याच्या, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाच्या, टोकाला रबरी पॅड बसवले आणि त्याच्या जाडीइतके लाकूड परवानाधारक कारागिराकडून कापून घेतले. असे केले नाही तर दस्ता लांब होऊन खांद्याच्या खळगीऐवजी दंडावर टेकतो. हिवाळ्यात जाड स्वेटरमुळेही हेच घडते.

खरी अडचण मात्र शूटिंग रेंजवर उघड झाली. प्रशिक्षकांनी मला न सांगता एका नळीत डमी, म्हणजे बार न होणारे, काडतूस भरले. मी चाप ओढला, बार झाला नाही, तरीही नळीचे तोंड खाली गेले आणि डोळे मिटले. ते म्हणाले, ‘‘काका, खांदा बरा आहे, झटक्याची धास्ती तुमच्या बोटात बसली आहे.’’ त्यानंतर बरेच दिवस मी फक्त छर्ऱ्याच्या एअर रायफलवर चाप हळूहळू दाबण्याचा सराव केला. कानांवर आवाज अडवणारे मफ चढवल्यावर तोच बार निम्म्याने सौम्य वाटू लागला, कारण आवाजाच्या दणक्याने अंग आधीच ताठरते. डावा पाय पुढे, वजन किंचित पुढच्या पायावर आणि दस्ता घट्ट खळगीत, असे उभे राहिल्यावर धक्का एकट्या खांद्यावर न येता सर्वांगात पसरतो.

आजही प्रशिक्षक मधूनच डमी मिसळतात. नळी हलली की त्या दिवसाचा सराव मी तिथेच थांबवतो.