आमची वाटचाल : टेपर आटे आणि चोवीस अडॅप्टर

वरूड-मोर्शी पट्ट्यात बोअर म्हटलं की आता हजार फुटांच्या गोष्टी चालतात. आंबिया बहाराच्या संत्र्याला एप्रिल-मेमध्ये पाणी कमी पडलं की फळगळ होते, म्हणून उन्हाळाभर तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअरच्या गाड्या रात्रंदिवस इकडे चालतात. त्या गाड्यांच्या रॉडचे, आणि रॉडला हॅमर (खाली खडक फोडणारा हातोडा) जोडणाऱ्या अडॅप्टरचे आटे पाडणं हा आमचा धंदा. २००६ मध्ये मी आणि माझे मावसभाऊ, दोघांनी बटाल्याचा जुना लेथ आणला तेव्हा शेडला दारही नव्हतं. भाऊ पुढं शेतीकडे वळले, पण त्यांनी हातानं बसवलेलं टेपर अटॅचमेंट (टेपर म्हणजे निमुळता उतार, तो कापायचं साधन) आजही त्याच लेथवर आहे आणि अजून केसाइतकंही हललेलं नाही. मधली वर्षं पंपाचे शाफ्ट आणि कल्टिव्हेटरचे बुश करण्यात गेली. सांगायचं आहे ते २०१९ चं.

कंपनीचा नवा रॉड असेल तर टू-थ्री-एट एपीआय रेग्युलरचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या २-३/८ इंची आट्याचं) माप ठरलेलं असतं : इंचाला ५ आटे, फुटाला ३ इंच टेपर. पण आमच्याकडे येणारा रॉड दोनतीनदा कापून पुन्हा आटे पाडलेला, खांदा (आट्यांच्या मुळाशी टेकणारी कड) घासलेला असतो. प्रत्येक पिन, म्हणजे बाहेरून आटे असलेलं टोक, वेगळी करावी लागते. म्हणून भाचा पॉलिटेक्निक करून आला तेव्हा त्याला फ्रीकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसवलं. पिन आणि बॉक्स (आतून आटे असलेलं टोक) स्क्रीनवर एकात एक घालायचे, मधून छेद घ्यायचा, खांदा टेकायच्या आधी आटे आवळतात का ते बघायचं. वरूडमध्ये हे तेव्हा दुसरं कोणी करत असल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं, आणि याचा मला आजही अभिमान आहे.

त्या मार्चमध्ये चोवीस अडॅप्टरची ऑर्डर आली. रॉडकडे टू-थ्री-एट, हॅमरकडे साडेतीन इंची. स्क्रीनवर जुळले, शेडमध्ये एकमेकांत फिरवले तर लोण्यासारखे बसले. चोवीसच्या चोवीस गेले. एप्रिलमध्ये शेंदूरजना घाटाकडच्या एका बगीच्यात ६४० फुटांवर एका अडॅप्टरचे आटे सोलले, तो तुटला आणि हॅमर बिटासकट खाली राहिला. दोन दिवस काढायचा प्रयत्न झाला, निघाला नाही. हॅमर, बिट आणि वाया गेलेला बोअर धरून गाडीमालकानं अडीच लाख मागितले. आमच्या शेडचं तेव्हाचं वर्षाचं उत्पन्नही त्याच्या फार पुढं नव्हतं. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

रस्त्यावरच्या एका मोठ्या वर्कशॉपवाल्यांचं इथं सांगितलंच पाहिजे. आधी ते आमचेच अडॅप्टर घ्यायचे आणि खांद्यावरचा आमचा पंच (ठोकलेली खूण) ग्राइंडरनं घासून स्वतःचे म्हणून विकायचे. हा अडॅप्टर तुटला तेव्हा मात्र त्याचा वरचा तुकडा गाडीगाडीवर नेऊन आमचा पंच बोटानं दाखवत फिरले. "कम्प्युटरचे आटे होत राजेहो, बोअरात टिकतात का?" महिनाभरात आमचे दोन्ही टर्नर त्यांच्या शेडमध्ये होते.

त्या दिवसांत एकच माणूस आला, आमचे अण्णा. तिरुचेंगोडच्या एका गाडीवर ते मॅनेजर आहेत, मोडकी हिंदी बोलतात. आमचे दोन अडॅप्टर त्यांच्याकडे होते, अजून न वापरलेले. ते भांडले नाहीत. सोबत कंपनीचा कोरा रॉड आणि मार्किंग ब्लूची (कुठं टेकतं ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाची) डबी घेऊन आले होते. आमच्या पिनला पातळ ब्लू लावला, हातानं पिन रॉडच्या बॉक्समध्ये बसेपर्यंत फिरवली, उलट काढली आणि माझ्यासमोर धरली. प्रत्येक आट्याच्या एकाच उतारावर, शेंड्याजवळ, सुतासारखी एक रेघ पुसली गेली होती. दुसरा उतार जसाच्या तसा निळा. "एक तरफ लगता, एक तरफ खाली," अण्णा म्हणाले.

चूक सापडायला रात्र गेली. भाच्यानं आट्याचा त्रिकोण शंकूच्या उताराला काटकोनात उभा केला होता. टर्नरनंही सेंटर गेज (टूलचा कोन लावायचं माप) जॉबच्या उतारावर टेकवूनच टूल लावलं होतं. या आट्याचा त्रिकोण जॉबच्या अक्षाला काटकोनात उभा राहतो, उताराला नाही. टेपरचा उतार अक्षाशी ७.१२५ अंशांचा, म्हणून तीस-तीस अंशांच्या जागी आट्याचा एक उतार ३७.१२५ आणि दुसरा २२.८७५ झाला. पिन आणि बॉक्स दोन्ही आमचेच, दोन्ही एकाच दिशेला तेवढेच कललेले, म्हणून ते एकमेकांत चपखल बसत होते. कंपनीच्या रॉडला मात्र रेघेवर टेकत होते.

जी पोरं आता हे शिकताहेत त्यांना सांगतो. स्केच अक्षातून जाणाऱ्या प्लेनवरच काढा, शंकूच्या पृष्ठभागावर कधीच नको. आधी शंकू करा : मोठा व्यास ६६.६७५, लहान ४७.६२५, लांबी ७६.२ मिलिमीटर. हेलिक्सची (आट्याच्या वळणवाटेची) पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ५.०८ ही अक्षाच्या दिशेनं. उतारावरून मोजाल तर पंधरा आट्यांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. हेलिक्स जॉबच्या एक पिच आधी सुरू करा, नाहीतर पहिला आटा अर्धवट कापला जातो. स्वीपमध्ये (आकार त्या वाटेवरून फिरवताना) फ्रेनेट हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर आकार वाटेत पिळतो. सीएनसीवर (कम्प्युटरच्या लेथवर) आटे पाडायची जी-७६ आज्ञा लावताना आरची, म्हणजे टेपरमुळे त्रिज्येत पडणाऱ्या फरकाची, किंमत टूल जिथून निघतं तिथून धरा. तोंडापासून ५ मिलिमीटर आधी निघत असेल तर ७६.२ वर नाही, ८१.२ वर हिशेब, म्हणजे ९.५२५ नाही तर १०.१५. आणि स्वतःची पिन स्वतःच्याच बॉक्समध्ये घालून कधी पास करू नका. प्लग-रिंग गेज (आटे तपासायचं प्रमाण माप) महाग पडतं, तरी बायकोच्या पाटल्यांपेक्षा स्वस्तच.

तेवीस अडॅप्टर मी परत बोलावले आणि स्वतः हॅक्सॉनं कापले. चोविसाव्याचा खालचा तुकडा अजून जमिनीत आहे. अडीच लाख हप्त्यांनी फेडायला दोन वर्षं लागली, पाटल्या सुटायला तीन. नवे अडॅप्टर अण्णांनी सगळ्यात आधी स्वतःच्या गाडीवर लावले, मालकाला न विचारता, आणि त्याच हंगामात ९०० फुटांचा बोअर उतरवला. त्या रात्री दोन वाजता त्यांचा फोन आला होता. गाडीच्या आवाजात शब्द काही कळले नाहीत, फोन मात्र मी ठेवला नाही.

मागच्या महिन्यात त्या मोठ्या वर्कशॉपमधून एक पोरगा मोडकी पिन घेऊन आला. "काका, अशीच पाह्यजे, मालकानं पाठवलं." जॉब घेतला, पैसे आधी घेतले. अण्णा ठेवून गेलेल्या त्याच रॉडात पिन ब्लू लावून फिरवली, दोन्ही उतारांवर सारखी खूण उमटली तेव्हाच बाजूला ठेवली. पंच आता आम्ही खांद्यावर ठोकत नाही. बॉक्सच्या आत, जिथं ग्राइंडर पोचत नाही, तिथं ठोकतो.