रायचा 1951 चा शेवरलेट: रंगाखालचा ट्रक कसा ओळखायचा

गोव्यात जुन्या मोटारी बघायला पुष्कळ लोक जातात. जुना मालवाहू ट्रक बघायला मुद्दाम जाणारे मोजकेच. मडगावहून बोरीच्या पुलाकडे जाताना राय लागतं. तिथल्या एका घराच्या मागच्या अंगणात सोडा फॅक्टरीचा माल पोचवणारा शेवरलेट नव्याने उभा केलाय, असं कळल्यावर कुडाळहून मी आणि आमचे मेस्त्री निघालो. मेस्त्रींचं उभं आयुष्य ट्रकखाली गेलंय. त्यांना सोबत घेण्यामागे माझा स्वार्थ होता. मला पुस्तकी माहिती आहे, त्यांना कान आहे.

सकाळची कोकण रेल्वे पकडली तर कुडाळहून मडगाव गाठायला फार वेळ लागत नाही. मुंबईहून येणाऱ्यांना मांडवी, जनशताब्दी किंवा रात्रीची कोकणकन्या बरी. तुतारीच्या भरवशावर राहू नका, ती सावंतवाडीलाच थांबते. मडगावात दुचाकी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची कोणी स्वस्तात देऊ केली तरी पोलिसांशी हुज्जत तुम्हालाच घालावी लागते. रायला बसही जाते, पण आतल्या वाड्यापर्यंत पाय तोडावे लागतात.

मालक साठीपुढचे, कॅथलिक, बोलायला मोकळे. शेजारचे त्यांना पात्रांव म्हणजे धनी म्हणतात, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. मी बोनेटकडे हात नेताच ते म्हणाले, "पयलीं पळय, मागीर उलय." आधी बघ, मग बोल. ट्रक बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करावं.

घरातले सगळे या ट्रकला 'अठ्ठेचाळीसचा' म्हणतात. तो अठ्ठेचाळीसचा नाही. हे कसं ठरवलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण या घाटणीचा शेवरलेट तुम्हाला दुसरीकडेही दिसेल.

शेवरलेटने 1947 मध्ये गोल खांद्यांचे, आडव्या पाच पट्ट्यांच्या जाळीचे ट्रक आणले. ही मालिका 1955 च्या सुरुवातीपर्यंत चालली. लांबून सगळे सारखेच दिसतात, म्हणून आधी दोन टोकं ठरवून घ्यायची. समोरची काच मध्ये उभी पट्टी देऊन दोन तुकड्यांत असेल आणि जाळीच्या पट्ट्या आडव्या असतील तर गाडी 1953 किंवा त्याआधीची. 1954 ला काच अखंड आणि वळणदार झाली, जाळीलाही जाडजूड चौकट आली. इथे काच दोन तुकड्यांत होती.

मग दारं. दाराच्या काचेपुढे वारा घ्यायची छोटी तिकोनी काच आली ती 1951 ला. बाहेरची मूठ बटण दाबून उघडायची झाली 1952 ला, त्याआधी ती फिरवावी लागे. या ट्रकला तिकोनी काच आहे आणि मूठ फिरवायची आहे. म्हणजे 1951, दुसरं काही बसत नाही. पण एवढ्यावर थांबू नका. दार हा सगळ्यात जास्त बदलला जाणारा भाग. भंगारातून दारं आणून बसवलेले कितीतरी ट्रक रस्त्यावर फिरले असतील.

म्हणून केबिनमध्ये बसायची परवानगी मागा. सीटमागे उभी पेट्रोलची टाकी दिसली तर गाडी 1949 किंवा त्यानंतरची, कारण टाकी केबिनमध्ये आली त्याच वर्षी. अठ्ठेचाळीसचा दावा इथेच निकालात निघाला. स्पीडोमीटरचा आकडा 80 मैलांवर थांबत होता. 1952 पासून तो 90 पर्यंत जातो. डॅशबोर्डवरची पट्टी क्रोमची होती, ती 1952 पासून रंगवलेली येऊ लागली. दाराच्या खांबावरची ओळखपाटी काळी, अक्षरं चंदेरी. 1953 ला ती निळी झाली. अमेरिकेत बांधलेल्या गाड्यांच्या नंबरात त्या काळी वर्षाचं अक्षर असे: 1949 ला जी, 1950 ला एच, 1951 ला जे, 1952 ला के. इथे 'जे' हे अक्षर होतं, त्यापुढे एक टनी गाडीचा एस. बोनेटच्या बाजूला शेवरलेट नावाखाली 3800 हा आकडा, तोही एक टनीचाच. दारं, मीटर, पाटी सगळ्यांची साक्ष एकच.

पात्रांवना हे सांगितल्यावर ते हसले. त्यांच्या आजोबांचा आधीचा एक ट्रक अठ्ठेचाळीसचा होता आणि घरात दोन्हींची आठवण एकच होऊन बसलीय. ते आता काय म्हणणार ठाऊक नाही. बहुधा अठ्ठेचाळीसचाच.

स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे. हे बघून आमच्याबरोबर आलेला शेजारचा पोरगा म्हणाला, पोर्तुगीज काळात गोव्यात उजवीकडून गाड्या चालायच्या ना! तसं नाही. पोर्तुगालने 1928 मध्ये उजवी बाजू धरली, गोवा मात्र डावीकडेच राहिला, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत होता. डावं स्टिअरिंग एवढंच सांगतं की गाडी बहुधा थेट अमेरिकेहून आली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 ते 1954 चालला, पण तिथल्या गाड्या हिंदुस्थानच्या बाजारासाठी, उजव्या हाताच्या. तेव्हा गोव्यात असा ट्रक दिसला तर स्टिअरिंगची बाजू टिपून ठेवा.

नंबर पाटीही वाचा. जीडीने सुरू होणारा नंबर म्हणजे गोवा, दमण आणि दीवच्या काळातला, मुक्तीनंतरचा. जीए आणि आकडे आले ते 1989 नंतर. नंबर मुक्तीनंतरचा आणि गाडी दहा वर्षं आधीची, यात गोव्यात नवल काही नाही. कागदावरच्या तारखेने गाडीचं वर्ष मात्र ठरवू नका.

आता लाकूड. माझ्या मते या ट्रकमधली खरी पाहण्यासारखी गोष्ट मागचा माल ठेवायचा हौदा आहे, बोनेट नव्हे. अमेरिकेहून केबिन आणि चासी आली, मागचं सगळं गोव्याच्या सुताराने केलं. चौकट सागवानी, फळ्या मत्तीच्या म्हणजे ऐनाच्या, कोपऱ्यांना लोखंडी अँगल आणि रिबिटा. सोड्याच्या क्रेटी सरकवून सरकवून आतल्या बाजूला क्रेटीच्या उंचीवर दोन आडव्या चरी पडल्यात, बोट फिरवलं तर कळतात. खालच्या दोन फळ्या नव्या आहेत. त्या गुळगुळीत आहेत आणि पात्रांवनी जुन्यासारख्या दिसाव्यात म्हणून खरवडायचा खोटेपणा केलेला नाही. हे मला फार आवडलं. फाळक्याच्या साखळ्या जुन्याच, कड्या घासून अर्ध्या झालेल्या.

डाव्या दारावर हिरव्या रंगात तळहाताएवढी जागा सोडलीय. तिथे मूळ पिवळट रंग आणि रोमन लिपीत, पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेल्या मडगावच्या नावाची शेवटची तीन अक्षरं, त्यातल्या एकावरची नागमोडी खूण धरून. वर नुसता वार्निशचा हात. ब्रशचे केस अक्षरात उमटलेत. उजव्या दारावरची अक्षरं मात्र स्टिकरची, कडा सुरीने कापल्यासारख्या एकसारख्या. पात्रांवना ते सांगायचं धाडस मेस्त्रींनी केलं. उत्तर आलं की हाताने लिहिणारा पेंटर मिळाला नाही. म्हापशात आणि मडगावात असे हात अजून असतील, शोधायला हवेत.

रंगाखाली काय आहे ते बघायला छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून न्या. विचारूनच लावा. मडगार्डच्या खालच्या कडेला आणि केबिनच्या कोपऱ्यात ते धरलं नाही तर तिथे जाड लांबी (पुटी) भरलीय असं समजा. किनाऱ्यालगतच्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. थोडी लांबी असणं गुन्हा नाही. पूर्ण मडगार्डच लांबीचं असेल तर त्याला जुना ट्रक का म्हणायचं, हा प्रश्न आहे. बोल्टांकडेही नजर टाका. अमेरिकी गाडीला इंची पाना लागतो. दहा-बारा-तेरा मिलिमीटरचा पाना नेमका बसू लागला की ते बोल्ट मागाहून आलेले.

इंजिन चालू झालं तेव्हा मेस्त्री खुलले. "ह्येचो आवाज आयक." सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं, 216 घन इंचाचं इंजिन. स्टार्टर पायाने दाबायचा. बॅटरी 6 व्होल्टची, त्यामुळे इंजिन आळसावल्यासारखं फिरतं आणि मग अचानक लागतं. असं सावकाश फिरलं की नवशिक्याला बॅटरी मेलीशी वाटते. कोणी मदतीला म्हणून 12 व्होल्टची गाडी लावायला पुढे आला तर थांबवा, दिवे जातील. या इंजिनात कनेक्टिंग रॉडांना तेलाचा दाब पोचत नाही. खालच्या चमच्यांनी तेल उचलून उडवलं जातं, त्यात बेअरिंग ओतीव मऊ धातूचं. म्हणून ऐकणाऱ्याची हौस भागवायला रेस देत राहणारा मालक दिसला तर तो आपल्याच इंजिनाचा वैरी. पात्रांवनी एकदाही रेस दिली नाही. मेस्त्री त्यावरच खूश.

चाकांची रिंग दोन तुकड्यांची, लॉक असलेली आहे का ते विचारा आणि असेल तर हवा भरताना समोर उभे राहू नका. रिंग उडाली तर जीव जातो. हे दटावून सांगतोय.

असाच दुसरा ट्रक दिसला तर काही पटकन ओळखायच्या खुणा. जाळीवर तीन टोकांचा तारा असलेला टाटा म्हणजे 1954 ते 1969 मधला, डाइमलर-बेंझशी करार होता तोवरचा. फार्गो आणि डॉज समोरासमोर ठेवले तर पाटी सोडून फरक शोधत बसावं लागेल, ते एकाच घरचे. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये तेच जोडले जात. बेडफर्ड ब्रिटिश, व्हॉक्सहॉलच्या घरचा. आणि कोणी 'मॉडेल टी ट्रक' म्हणून दाखवला तर खाली गिअर, रिव्हर्स आणि ब्रेक अशी तीन पेडल आहेत का आणि मागच्या एक्सलला वर्म गिअर आहे का ते बघा. तो 1927 पर्यंतचा फोर्ड टीटी. नेहमीचा गिअर-क्लच असेल तर पुढचा, एए.

एवढ्या लांब आलात तर एका ट्रकसाठी परतू नका. पणजीच्या वाटेवर नुवेंला अश्वेक व्हिंटेज वर्ल्ड आहे, जुन्या मोटारींचं. बाणावलीला गोवा चित्र आणि त्याला लागून गोवा चक्र, जिथे मोटारींच्या आधीची चाकं, बैलगाड्या, बग्ग्या जमवल्यात. ट्रकच्या हौद्याची सुतारकी कुठून आली ते तिथे गाड्यांचे सांधे बघितल्यावर कळतं. दोन्हीकडे आधी फोन करा, सोमवार टाळा.

खासगी घरी जाताना रविवारी सकाळी जाऊ नका, या साष्टी तालुक्यात ती वेळ चर्चमधल्या मिसाची, म्हणजे प्रार्थनेची. दुपारी एक ते चार झोपेची. दहा ते बारा किंवा साडेचारनंतर जावं. पावसाळ्यात कोणी ट्रक ताडपत्रीखालून काढत नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. फोटोत ओळखपाटी आणि नंबर येणार असेल तर मालकाला विचारा आणि घराचा पत्ता कुठे टाकू नका. 50 वर्षांवरच्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना 2021 च्या केंद्रीय नियमांनी व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी दिलीय. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा ही त्यातली अट, आणि त्या गाडीने कुठलाही धंदा करता येत नाही. तेव्हा कोणी सजवलेला ट्रक लग्नाच्या भाड्याला देतो म्हणाला तर कागद मागा.

पेट्रोलचे पैसे देऊ केले तर पात्रांव रागावतील. त्याऐवजी चांगल्या दर्जाचं इंजिन ऑइल न्या, पण ग्रेड आधी त्यांनाच विचारा.